पिल्लांचं विमान

आवडाबाईचा आवाज पहिल्यापासूनच मोठा. माहेर अजिंठ्याकडचं, रान डोंगराला लागून. पोरवयात राखणीच्या माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायची, तिथंच गळा मोकळा झालेला. लग्न होऊन चिकलठाण्याला आली तर इथं सगळंच उलटं. सासू चतुराबाई माळकरी, घरात हळू बोलायची रीत. आणि नवरा बन्सी तर विचारल्याशिवाय तोंड न उघडणारा. निजामाच्या शाळेत चार इयत्ता उर्दू शिकलेला, अक्षर मोत्यासारखं. पण पोलीस ॲक्शन झाली, कचेऱ्यांत मराठी आली, आणि बन्सीचं ते अक्षर त्याच्याजवळच राहिलं. तो मोट हाकायचा, ती दारं धरायची. तिनं वाफ्यातून काही ओरडून विचारलं की तो विहिरीच्या धावेवरून नुसती मान हलवायचा, आणि ती पुन्हा ओरडायची, "व्हय का नाय, ते तरी सांगा!"

त्यांचं वावर विमानतळाच्या कुंपणाला लागून. मूळचं रान बरंच मोठं होतं. त्यातलं निम्मं निजामाच्या अमलातच धावपट्टीत गेलं होतं. विहीर तेवढी वाचली. अठ्ठेचाळीस साली भादव्यात डोक्यावरून विमानं घरघरत गेली, तेव्हा आवडाबाई थोरल्या लेकीला पोटाशी धरून दिवसभर बाजरीत बसून राहिली होती. पोरगी रडू नये म्हणून तिच्या तोंडावर पदर धरलेला. तो फार घट्ट तर धरला नाही ना, या धास्तीनं दर घडीला उचलून बघायची. पुढं सगळं शांत झालं. मुंबईची, हैदराबादेची विमानं नेमानं उतरू लागली. वाफ्यातल्या बाया त्या आवाजावर न्याहारी सोडू लागल्या. पण आवडाबाईच्या छातीत विमानाची घरघर ऐकली की एक ठोका चुकायचाच. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पंचावन्न सालच्या पौषातली गोष्ट. त्या सकाळी धुकं असं दाटलं होतं की धावेवरचे बैल वाफ्यातून दिसत नव्हते, नुसत्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या. आवडाबाई कांद्याला पाणी देत होती. विमानाचा आवाज आला तशी तिनं सवयीनं वर पाहिलं. दिसलं काहीच नाही. आवाज मात्र रोजचा नव्हता. रोजचा आवाज वरून यायचा, हा समोरून आला. मग बांधावरच्या चिंचेचा शेंडा कडाडला आणि धुक्यातून एक काळं धूड तिच्या डोक्यावरून शाळूकडं गेलं. जमीन हादरली. विहिरीत मोट तशीच सुटून आदळल्याचा आवाज आला, आणि मग सगळीकडं एकदम गप्प झालं.

"अवं, इमान पडलं!" ती ओरडली, आणि गावाच्या दिशेला तोंड करून पुन्हा ओरडली. तो आवाज त्या दिवशी गावाच्या वेशीपर्यंत पोचला म्हणतात.

बन्सी हातात पहार घेऊन आला, तोपर्यंत ती शाळूतून पलीकडं निघाली होती. शाळूच्या पुढं हरभरा. त्या हरभऱ्यात विमानाचे दोन तुकडे झाले होते. शेपटाकडचा अर्धा भाग अलीकडं कुशीवर पडलेला, तोंडाकडचा भाग पुढं नाक खुपसून बसलेला. एका पंखातून धूर निघत होता. रॉकेलसारखा उग्र वास सगळीकडं.

पुढच्या भागात दोन माणसं होती. एकाकडं बघूनच कळत होतं की त्याला आता कसली मदत नको. दुसरा, तिशीचा असेल, गोरा, दाढीची कोवळी खुंटं वाढलेला, जिवंत होता. त्याच्या पायांवर पत्रा आणि लोखंड दुमडून बसलं होतं. कपाळावरून रक्त येत होतं, पण डोळे उघडे होते. बन्सीनं पहार घातली. आवडाबाईनं त्याची मान हातावर घेतली. दोघांनी मिळून एकदा जोर केला. लोखंड करकरलं, थोडं हललं, पुन्हा बसलं.

तेवढ्यात त्या माणसानं तिचं मनगट धरलं. पकड अशी की सोडवता येईना.

"बच्चे हैं," तो म्हणाला. "पीछे… बच्चे हैं."

हिंदी तिला फारशी येत नव्हती. पण शहागंजच्या बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला तेवढं कळायला शाळा लागत नाही. तिनं बन्सीकडं पाहिलं. बन्सीनंही ऐकलं होतं.

"पहले उनको," तो माणूस म्हणाला.

"जा तू," बन्सी म्हणाला. "लेकरं हायेत. जा!"

ती धावली. शेपटाकडच्या भागाला आता दार नव्हतं, फाटका पत्रा होता. त्यातून ती आत शिरली. आत अंधार, आणि अंधारात खोकीच खोकी. पुठ्ठ्याची, भोकं पाडलेली, एकावर एक रचलेली आणि आता सगळी ढासळलेली. आतून बारीक चिवचिव चालली होती. ती कसली याचा विचार करायला वेळ नव्हता. खोक्यांच्या पलीकडं लेकरं दबली असणार, एवढंच तिच्या डोक्यात. "बाळा," ती हाका मारू लागली, "ए बाळा, कुठं हायेस रं?" एकेक खोकं उचलायचं, मागं बाहेर फेकायचं, पुढं सरकायचं. काही खोकी फुटली. पायांत काहीतरी मऊ वळवळत होतं. तिनं थोरलीचं नाव घेऊन हाक मारली, धाकटीचं नाव घेऊन मारली. का, ते तिचं तिला सांगता आलं नसतं. शेवटी तिचे हात अगदी टोकाच्या पत्र्याला लागले. तिथं कोणी नव्हतं. तिनं पत्रा चाचपून पाहिला. कोपरे चाचपले. कोणीच नव्हतं.

बाहेर आली तेव्हा पुढचा भाग पेटला होता. गावातली माणसं येऊन पोचली होती आणि दोघा-तिघांनी बन्सीला काखेत धरून मागं ओढून आणलं होतं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. पहार आतच राहिली होती. आणि तो माणूसही.

हरभऱ्यात सगळीकडं, फुटलेल्या खोक्यांतून, पिवळीधमक पिल्लं पळत होती. अंड्यातून आदल्या दिवशी निघालेली.

दुपारी फौजदार आले, मामलेदार आले, विमानकंपनीचा टाय लावलेला साहेब आला. पंचनामा सुरू झाला. बन्सीला दवाखान्यात नेलं होतं, म्हणून सगळे प्रश्न आवडाबाईलाच.

"तू त्या माणसापासून उठून मागं कामून गेलीस?" फौजदारांनी विचारलं.

"त्यानंच धाडलं. लेकरं हायेत म्हनला."

"कसली लेकरं? शब्द सांग."

"बच्चे हैं म्हनला. पीछे बच्चे हैं."

साहेबानं मान हलवली. या विमानात उतारू नव्हतेच, तो म्हणाला. मुंबईहून सरकारी पोल्ट्रीसाठी विलायती जातीची पिल्लं चालली होती, बाकी कापडाचे तागे नि औषधं. "मुर्गी के बच्चे," त्यानं समजावून सांगितलं. "वही बोला होगा बेचारा."

भोवतीच्या गर्दीत कोणीतरी हसलं. वाईट हेतूनं नसेल. दिवसभर मरण बघितलेली माणसं कशालाही हसतात. पण ते हसू आवडाबाईच्या कानात गेलं ते गेलंच. आठ दिवसांत गावात बोलणं झालं, की आवडीनं माणूस टाकून कोंबडीची पिल्लं काढली. वर्षभरात ते "पिल्लांची आवडा" एवढंच उरलं. शहरातल्या बाजारातसुद्धा बाया त्याच नावानं तिला ओळखू लागल्या.

शाबूत खोकी सरकारी माणसं घेऊन गेली. दिवस कलला तशी थंडी वाढली, आणि शाळूच्या धांड्यांतून पुन्हा चिवचिव ऐकू येऊ लागली. आवडाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करून घरी आली. चुलीपुढं बसली. मग उठली, थोरलीला घेऊन परत रानात गेली. दोघींनी वाकून वाकून, हाताला लागतील तेवढी पिल्लं दुरडीत भरली. माळकऱ्याच्या घरात कोंबडी म्हणजे सासू उंबरा ओलांडू देणार नाही, हे ठाऊक होतं. ती दुरडी घेऊन दारातच उभी राहिली.

चतुराबाईंनी दुरडीत पाहिलं. पिल्लं थंडीनं एकमेकांत घुसून गोळा झाली होती.

"चुलीजवळ ठिव," त्या म्हणाल्या. "खाली भुसा घाल. कण्या भिजव जराशा." आणि थोड्या वेळानं, गळ्यातल्या माळेवर हात ठेवून म्हणाल्या, "खायला नाय हां. जगवायला."

त्यातली बरीच पहिल्याच रात्री गेली. जी उरली त्यांच्या पुढं पांढऱ्याशुभ्र कोंबड्या झाल्या. तशी पांढरी कोंबडी त्या भागात कोणी पाहिली नव्हती. अंडी रवणीला, उबवायला घालायला नेण्यासाठी नारेगाव, मसनतपूरपर्यंतच्या बाया येऊ लागल्या. आवडाबाई देत होती, पण त्या कोंबड्यांवर तिचा जीव कधी बसला नाही. दाणे टाकायची नि तोंड फिरवायची.

कारण तिच्या मनात राग होता, आणि तो राग मेलेल्या माणसावर होता. हे बोलायचं कुणाजवळ? त्यानं कोंबड्यांसाठी आपल्याला उठवलं! लोखंड हललं होतं. दोघांनी आणखी एकदा, दोनदा जोर केला असता तर कदाचित निघाला असता. अंधारात आपण "बाळा, बाळा" म्हणून हाका मारत होतो, आणि तिकडं तो जळत होता. बन्सीचे हात बरे झाले पण बोटं मिटेनात. मोटेचा नाडा त्याला धरता येईना. तेव्हा धावेवर आवडाबाई गेली नि दारं बन्सी धरू लागला. बाईनं मोट हाकायची हे लोकांना नवल, पण बैल तिच्या आवाजाला बन्सीपेक्षा लवकर ऐकायचे. त्या दिवसाबद्दल ती दोघं एकमेकांशी कधी बोलली नाहीत. ती एकदाच म्हणाली, "मी गेले नसते तर?" बन्सी उठून बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. ती समजली की त्याच्याही मनात तेच आहे, आपण जायला नको होतं.

दोन वर्षांनी, पुन्हा हरभरा घाट्यांत आला होता तेव्हा, एक म्हातारे गृहस्थ टांग्यातून वावरापाशी उतरले. अंगात जुना लोकरी कोट, डोक्याला पांढरा फेटा, हातात काठी. दिल्लीहून आले होते. मूळचे लायलपूरचे, फाळणीत सगळं तिथं टाकून निघालेले मास्तर. तो जो जळाला, तिलकराज, तो त्यांचा धाकटा मुलगा. इतके दिवस बायको आजारी, म्हणून येणं झालं नव्हतं. ती आता गेली, म्हणून आले.

त्यांची उर्दू ऐकून बन्सीचा चेहरा जरा सैल झाला. त्यानं घोंगडी अंथरली, पाणी दिलं. आवडाबाई अंतर राखून उभी राहिली. म्हाताऱ्यांनी जागा बघितली. तिथं दगड नव्हता, खूण नव्हती, बाकी रानासारखाच हरभरा होता.

"इथं पीक घेता?" त्यांनी विचारलं.

बन्सी ओशाळला. "रान आहे, मास्टरजी. मोकळं कसं ठेवणार?"

"नाही, बरं केलंत," म्हातारे म्हणाले. मग वळून त्यांनी आवडाबाईला विचारलं, "बेटी, तो काही बोलला का?"

ती घडी येणार हे तिला टांगा थांबला तेव्हाच कळलं होतं. खोटं सांगायचं ठरवलंही होतं, की देवाचं नाव घेतलं म्हणून. पण त्यांच्या डोळ्यांकडं पाहून तिला ते जमेना. तिनं जसंच्या तसं सांगितलं. बन्सी उर्दूत सांगत गेला. मनगट धरलं ते, "पीछे बच्चे हैं" म्हणाला ते, ती आत शिरली ते, खोकी फेकली ते. शेवटी तिचा आवाज चढला. "लेकरं नव्हतीच तिथं! कोंबडीची पिल्लं होती. मी लेकरं समजून गेले. लोकं हसत्यात मला, मास्टरजी. तुमचं लेकरू टाकून मी कोंबड्या काढल्या."

म्हातारे काठी टेकत घोंगडीवर बसले.

"कोंबड्यांचं नव्हता बोलत तो," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते बन्सी थांबत थांबत मराठीत सांगत गेला. सत्तेचाळीस साली तिलकराज नुकताच विमान चालवायला लागला होता. पाकिस्तानातून माणसं आणायचं काम होतं. विमानातल्या खुर्च्या काढून टाकलेल्या. खाली बसवायची माणसं, मांडीवर लेकरं, लेकरांच्या मांडीवर लेकरं. एकदा एका लहानशा धावपट्टीवर माणसं चढत असताना मागून जमाव आला. दार लावून घ्यावं लागलं. विमान उडालं तेव्हा आत काही बाया किंचाळत होत्या, कारण त्यांची पोरं खाली धावपट्टीवर राहिली होती. तो वळवून परत गेला नाही. जाता येण्यासारखं नव्हतं. गेला असता तर विमानातली सगळी मेली असती. हे त्यालाही कळत होतं. पण त्या दिवसापासून तो झोपेतून उठून बसायचा आणि म्हणायचा, पीछे बच्चे हैं. आई जाऊन पाठीवर हात फिरवायची. म्हणून पुढं त्यानं उतारूंची विमानं सोडली नि मालाची घेतली. मालाच्या विमानात कोणी राहून जात नाही, म्हणायचा.

आवडाबाई खाली बसली. बाजरीतला तो दिवस तिला आठवला. पोरीच्या तोंडावरचा आपला पदर आठवला.

"मग मी लेकरंच हुडकायला गेले होते," ती म्हणाली.

"हो," म्हातारे म्हणाले. "त्याच्या सांगण्यावरून कोणीतरी गेलं. आठ वर्षांत कोणी गेलं नव्हतं, बेटी. तो स्वतःसुद्धा नाही."

तेव्हा बन्सी, जो आतापर्यंत दुसऱ्याचंच बोलणं इकडून तिकडं पोचवत होता, स्वतःहून बोलला. आधी उर्दूत बोलला. मग बायकोकडं वळला नि मराठीत बोलला.

"तू गेल्यावर त्यो इचारत व्हता. निकले क्या, निकले क्या म्हणून. मान वळवायला येत नव्हती त्याला. मागं खोकी पडल्याचा आवाज येत होता, धप्प, धप्प. मी म्हनलं, निकल गये. सब निकल गये. मोजून सांगितलं त्याला, हे एक आलं, हे दुसरं आलं. तवा त्यानं डोळे मिटले. आग त्याच्यापर्यंत आली त्याच्या आधीच गेला त्यो. मी हलवून पाहिला. गेला व्हता."

आवडाबाई त्याच्याकडं वळली. "हे तुम्ही मला दोन वर्सांत सांगितलं नाय?"

"खोटं बोललो व्हतो ना," बन्सी म्हणाला. "मरत्या माणसापाशी. आईला काय सांगू, तुला काय सांगू?"

"आन् मला वाटायचं, तुम्ही मला दोष देताय."

"तुला कामून दोष?" त्याला खरोखरच नवल वाटलं. "तुझ्या त्या खोक्यांच्या आवाजावरच तर म्या त्याला सांगत व्हतो."

म्हातारे मास्तर उठले. एक हात बन्सीच्या वाकड्या बोटांवर ठेवून थोडा वेळ उभे राहिले. आवडाबाईनं हरभऱ्याचे डहाळे उपटले, पदरानं माती झाडली नि त्यांच्या हातात दिले. त्यांनी उभ्या उभ्या एकेक घाटा सोलून खाल्ला. टांगेवाला घाई करत होता. काचीगुड्याहून येणारी गाडी चुकेल म्हणत होता. निघताना त्यांनी बन्सीला पुन्हा सांगायला लावलं, तिलक नेमकं काय विचारत होता आणि तू काय म्हणालास. बन्सीनं पुन्हा सांगितलं. टांग्यात बसल्यावर त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. बन्सी टांग्याच्या दांडीला हात लावून सांगत सांगत जालना रोडपर्यंत चालत गेला.

त्या रात्री आवडाबाई चुलीपुढं रडली. सासूनं विचारलं तर म्हणाली, धूर गेला डोळ्यांत. पण दुसऱ्या दिवशी तिनं चतुराबाईंना बसवून सगळं सांगितलं, बन्सीचं खोटंही. म्हाताऱ्या चतुराबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "त्याला खोटं कोण म्हनतंय? इमानातलं जे जित्तं होतं ते सगळं बाहेर आलंच की." आणि माळ घेऊन जपाला बसल्या.

त्यापुढंही लोक तिला पिल्लांची आवडा म्हणत राहिले. गावात चिकटलेलं नाव सुटत नाही. पण आता कुणी बाजारात हसून विचारलं की ती पाटी खाली ठेवायची आणि सगळं सांगायची: लायलपूर, धावपट्टी, राहिलेली पोरं. ऐकणारीचं तोंड उतरेपर्यंत सांगायची. पोलीस ॲक्शनच्या वेळची बाजरीही तिनं पहिल्यांदा कुणाला सांगितली ती अशीच, शहागंजात, एका अनोळखी मुसलमान बाईला. आणि त्या बाईनं तिला आपलं त्या दिवसांतलं सांगितलं. दोघींची भाजी तशीच पडून राहिली.

सत्तरच्या दशकात उरलेलं रानही कारखान्यांच्या वसाहतीत गेलं. मुकुंदवाडीला दोन खोल्या बांधल्या. बन्सी आधी गेला. थोरलीनं आईला आपल्याकडं न्यायचं म्हटलं, पण आवडाबाई हलली नाही. संध्याकाळी ती दारात खुर्ची टाकून बसायची, आणि गल्लीतली पोरं खेळून घरी परतायला लागली की अजूनही त्या मोठ्या आवाजात ओरडून विचारायची, "सगळी आली का रं? कोणी ऱ्हायलं नाय ना?"